भट्टीपुढचं स्वगत

मी चौथीपतोर शाळेत गेले, त्यातबी निम्मे दिवस म्हशीमागं. म्हणून हे मी लिहिलंय असं कुणी समजू नये. मी बोलते आन् सून मोबाईलमधे टिपून घेती. मधेच थांबून ती विचारती, "आई, हे असंच ठेवू का नीट करू?" मी म्हणते, ऐकलंस तसं ठेव.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या आसपास. तिकडची लई माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगल्यात. गलाई म्हंजे सोनं-चांदी गाळायचं काम. सराफाकडनं दागिन्यांची जुनी मोड आणायची, मुशीच्या भांड्यात घालून भट्टीवर वितळवायची, तेजाबात, म्हंजे ॲसिडात टाकून तिच्यातली भेसळ काढायची आन् निखळ करून परत द्यायची. मुलूख कुठला बी असू दे, जिथं सराफांची पेठ तिथं एखादा बोळ आमच्या माणसांचा असतोच.

चेन्नईत आमची भट्टी साहुकारपेटेत. मी लग्न होऊन आले तवा ह्या शहराला मद्रास म्हणायचे. पुढं भट्टीची खोली, मागं राहायची खोली, मधे नुसती फळ्यांची भिंत. फळ्यांच्या फटीतनं तेजाबाची तांबूस वाफ आत यायची. वाळत घातलेल्या साड्यांना बारीक बारीक भोकं पडायची. सणाला नेसायची साडी मी पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची, तिला बी पडली. पुढं मुलानं चिमणी बसवून घेतली, पंखा बसवला, तवा वाफ कमी झाली. पण तवर आमची सगळ्यांची नरडी खरखरीत होऊन गेली हुती. आमच्या बोळात कुणी आजारी नसला तरी आवाजावरनं आजारी वाटतो.

आणिक एक सांगते, म्हंजे आमची रीत कळंल. आमच्या घरात केर टाकत न्हाईत. भट्टीच्या खोलीतला केर, हात धुतलेलं पाणी, फाटकं पायपुसणं, सगळं साठवून ठेवायचं. त्यात धातूचे कण असतात. ते पुढं जाळून, धुऊन काढायचे. मी नवी आले तवा पयल्याच दिवशी खोली झाडून केर बाहेर गटारीत टाकला. सासरे डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसले. ओरडले न्हाईत. नुसतं म्हणाले, "पोरी, आपण खातो ते त्या केरातलं." तवापासनं माझ्या हातनं काय बी टाकवत न्हाई.

पयली मुलगी इथंच झाली. रांगायला लागली, उभी राहायला लागली आन् तापानं गेली. माझे मालक मुशी आणायला बाहेरगावी गेलेले. शेजारची एक तमिळ बाई माझ्याजवळ येऊन बसली. ती सारखी काहीतरी बोलत हुती आन् रडत हुती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ती रडायची आन् मी तिच्या तोंडाकडं बघायची. रडायला बी आपलं माणूस समोर लागतं, असं मला तवा वाटलं. मालक परत आले तवर माझ्या डोळ्यातलं आटून गेलं हुतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. मग मी ताट वाढलं. त्या दिवसापासनं आमच्या बोळात माझं नाव पडलं, ही बाई रडत न्हाई. मी काय ठरवून केलं नव्हतं. पण एकदा नाव पडलं की माणूस तसंच होऊन बसतं.

पुढं मुलगा झाला, शिकला. आता चेन्नईच्या टोकाला शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या हापिसात हाय, तिथंच राहतो. भट्टी नको म्हणाला. मालकांनी एका शब्दानं अडवलं न्हाई.

मालकांना तसे शब्दच थोडे. घरात त्यांचं बोलणं म्हंजे, "चहा ठेव." "सराफ यील." "दार लाव." एवढ्यात दिवस जायचा. पण नाटकात उभे राहिले की हा माणूस वेगळाच. गावाकडं जत्रेत पोरं नाटक बसवायची, त्यात हे लहानपणापासनं. इथं आमच्या मंडळाचा गणपती बसतो, तिथं दर वर्षाला नाटक हुतं आन् त्यात मालक असणारच. राजा म्हणा, सावकार म्हणा, बाप म्हणा. मरणारं काम असलं तर लई खूश. आमच्या बोळातली आटपाडीकडची एक बाई हाय, माझी जोडीदारीण. ती म्हणायची, "वैनी, तुमचं मालक किती वेळा मेलं वं! तुमचं कुकू लई घट्ट हाय."

आता ज्या साली हे घडलं त्या सालचं सांगते. लई जुनं न्हाई.

मंडळाला नाटक लिहून द्यायचे एक मास्तर हुते. चेन्नईतच तिरुवल्लिकेणीत राहायचे, शाळेतनं रिटायर झालेले. मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी आमच्यापेक्षा जुनी, आन् चाल सगळी तमिळ. बोलायला लागले की गाणं म्हटल्यासारखं वाटायचं. त्या साली त्यांनी एका राजाचं नाटक लिहिलं. राजाला परक्या मुलखात आसरा घ्यावा लागतो. तिथं कुणीतरी त्याच्या कानात भरवतं की तुझा भाऊच तुझ्यावर उलटलाय. राजा भावाला मारतो. मग कळतं, भाऊ निर्दोष हुता. शेवटी राजा एकटाच लढाईत जातो, म्हंजे मरायलाच जातो. एवढीच गोष्ट.

नाटक वाचायला मास्तर आमच्याच खोलीवर आले. पुरुष पुढं, आम्ही बाया मागं चूल आन् पिंपाच्या मधे. मास्तर वाचत हुते. राजा आन् राणी महालात हाईत. राजा तिच्याशी चार शब्द बोलतो आन् मग तोंड फिरवून एकटाच बोलायला लागतो. भावाचा संशय येतोय, झोप लागत न्हाई, हात शिवशिवतोय, सगळं सांगतो. मला राहवेना. मी मागनं विचारलं, "मास्तर, राणी तिथंच उभी हाय न्हवं?"

"आहे की अम्मा."

"मग ती बहिरी हाय काय?"

सगळे हसले. मास्तर बी हसले, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बहिरी नाही अम्मा. हे बोलणं त्याच्या तोंडातलं नाही, मनातलं. मनातलं कुणाला ऐकू येतं? म्हणून नाटकात त्याला ते मोठ्यानं बोलायला लावतात. ह्याला स्वगत म्हणतात. वर जे उभे आहेत त्यांनी ऐकायचं नाही, खाली जे बसलेत त्यांनी ऐकायचं. असा नियम आहे."

"वरच्यांनी ऐकलं तर?"

"तर नाटक तिथंच संपलं की अम्मा. राणी म्हणेल, हे काय भलतं डोक्यात घेतलंत, आधी भावाला बोलावून विचारा. मग मी पुढं काय लिहू?"

आटपाडीची बाई लगेच बोलली, "आमचं मालक एवढं मोठ्यानं घोरत बोलत असत्यात, मला बी ऐकू येत न्हाई. मी बी राणीच म्हणायची!" तिचे मालक पुढं बसले हुते. म्हणाले, "राणी, चहा टाक." वाचन तिथंच थांबलं.

माझ्या मनात मात्र ते राहिलं. गावाकडं जत्रेतल्या नाटकात माझी चुलती पुढं बसायची. असला प्रसंग आला की ती खालनं ओरडायची, "आरं, तिला सांग की! मुक्यावानी काय बसलायस?" लोक तिला गप करायचे. मला तवा ती येडी वाटायची. आता वाटलं, नियम नसता तर लई जणांचे जीव वाचले असते.

तालमी सुरू झाल्या. संध्याकाळी मालक बस पकडून तिरुवल्लिकेणीला जायचे. पाठांतराची त्यांची एक पद्धत हुती. पुस्तकी भाषा त्यांच्या तोंडात एकदम बसायची न्हाई. म्हणून ते आधी सगळं बोलणं आपल्या बोलीत म्हणायचे. आपल्या गावचा माणूस ते कसं बोलंल तसं. दोन-चार दिवस तसं घोळवायचे आन् मग पुस्तकातले शब्द बसवायचे. पोरगा त्यांना चिडवायचा, "बाबा, तुम्ही नाटक बी आधी वितळवता आन् मग साच्यात ओतता." हे म्हणायचे, "त्याशिवाय मळ कसा कळायचा?" आन् हे सगळं चालायचं सकाळी भट्टीपुढं. भट्टीला खालनं हवा मारणारा ब्लोअर असतो, त्याचा घरघर आवाज. मूस तापायला वेळ लागतो. तवर माणूस तिथंच बसून असतो. त्या आवाजात आपलं बोलणं कुणाला जात न्हाई असं त्यांना वाटायचं. फळ्यांच्या पलीकडं मी भाजी चिरत बसलेली असायची, हे त्यांच्या ध्यानात नसायचं. इतकी वर्षं मी ऐकत आले हुते. त्यांनी केलेलं प्रत्येक काम मला पाठ हुतं, आमच्या बोलीत.

त्या साली बी सुरू झालं. पयल्यांदा भावाचं आलं. "सख्खा भाऊ हाय, पण डोळ्याला डोळा देत न्हाई." मला कळलं, हे संशयाचं स्वगत. मग मारल्यानंतरचं आलं. "हात धुतले तरी हाताला वास येतोय." ते ऐकून विळीवरचा माझा हात थांबला, इतकं खरं बोलायचे.

मग तिसरं सुरू झालं. ते रोज वेगळं असायचं.

एका दिवशी म्हणाले, "आज सांगू उद्या सांगू म्हणतोय आन् दिवस चाललेत. तिला सांगायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी, "परमुलखात आणून टाकली तिला. ना भाषा, ना माणूस. आन् आता एकटीला मागं ठेवून निघायचं."

मला वाटलं, हा राजा लढाईला निघालाय. राणीला सांगावं का न सांगावं ह्या घोरात हाय. मास्तरांनी काय लिहिलंय, म्हटलं.

मग एका सकाळी लई वेळ ब्लोअरचाच आवाज आला. मला वाटलं आज तालीम न्हाई. तेवढ्यात ते बोलले. हळू, पण मला स्पष्ट आलं. "ती रडली असती तर सोपं गेलं असतं. रडणाऱ्या माणसाला गप करता येतं. ही रडणार न्हाई. नुसती बघंल माझ्याकडं. ते बघणं मला सोसायचं न्हाई."

मी हातातलं वांगं तसंच धरून बसले. मनात म्हटलं, काय राणी लिहिलीय मास्तरांनी. नाटकातल्या बाया सारख्या पदर तोंडाला लावतात, ही तसली दिसत न्हाई. ही आपल्यातली दिसती. मला त्या राणीचा आदर वाटला. आटपाडीच्या बाईला मी सांगितलं बी, "औंदा नाटकात राणी रडत न्हाई."

ती म्हणाली, "मग बघायला कोण यील?"

मालकांचा आवाज त्या दिवसांत लई बसला हुता. मी गरम पाणी द्यायची, खडीसाखर द्यायची. तालमी हाईत, तेजाब हाय, असं सगळेच म्हणायचे. जेवताना घास अडायचा. मी भात मऊ करायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई, घसा धरलाय."  आमच्याकडं घसा धरणं म्हंजे पाऊस येणं-जाणं तसं.

नाटकाचा दिवस आला. मंडळानं एक हॉल घेतला हुता. पोरगा आन् सून शोळिंगनल्लूरहनं आली. सून माझ्या एका अंगाला, आटपाडीची बाई दुसऱ्या अंगाला. पडदा वर गेला. मालक राजाच्या कपड्यात आले, लोकांनी टाळ्या दिल्या. आन् राणी आली. मंडळातल्याच एका माणसाची मुलगी, बँकेत कामाला हाय. ती आली तीच डोळे पुसत आली. राजाला देश सोडावा लागला म्हणून रडली. भावावर संशय घेतला म्हणून रडली. भाऊ गेला तवा तर जमिनीवर पडून रडली. आटपाडीच्या बाईनं मला कोपर मारलं. "तुम्ही तर म्हणत हुता रडत न्हाई. हिनं तर पुरात बुडालेलं मीनंबाक्कमचं विमानतळ परत बुडवायचं ठरवलंय."

मला वाटलं, पुढं बदलत असंल. दुःखानं माणूस कोरडं पडतं, तसं शेवटाला पडंल. मी वाट बघत बसले.

शेवटचं स्वगत आलं. दिवा नुसता मालकांवर. राणी मागं अंधारात हुंदके देती. मालक बोलायला लागले. पुस्तकी भाषा, पण मी मनातल्या मनात आमच्या बोलीत उतरवून घेत हुते. भावाची क्षमा मागितली. तलवारीला बोलले. सूर्य मावळतोय असं काहीतरी बोलले. मधेच आवाज फाटला, दोन शब्द नुसते हवेसारखे गेले. लोकांना वाटलं काय भारी करतोय. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मी वाट बघत हुते त्या ओळींची. परमुलखात आणली, ते. तिला सांगायचं कसं, ते. रडली असती तर, ते. मालक वळले, चालत आत गेले आन् पडदा पडला.

मी सुनेला विचारलं, "संपलं?"

"संपलं की आई."

"आन् ते राहिलेलं?"

"काय राहिलेलं?"

 लोक उठत हुते, खुर्च्या वाजत हुत्या. मास्तर पुढं उभे हुते, लोक त्यांना नमस्कार करत हुते. मी वाट काढत त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "मास्तर, शेवटाला तुम्ही काही कापलं काय?"

"नाही अम्मा. एक ओळ कापली नाही. का?"

"त्या राणीचं, रडत न्हाई ते. ते कुठं गेलं?"

मास्तर म्हणाले, "तसं काही मी लिहिलंच नाही अम्मा. माझी राणी रडतेच."

मग मला कळलं. तिथंच, खुर्च्यांच्या रांगेत उभी असताना कळलं. भट्टीपुढं सकाळी जे बोलणं चाललं हुतं त्यातलं निम्मं राजाचं नव्हतंच. न रडणारी बाई मी हुते. परमुलखात आणलेली मी हुते. आन् एकटीला ठेवून निघालेला माणूस माझा मालक हुता. कुठं निघालाय, हे मला तवा बी माहीत नव्हतं. पण आवाज आठवला, भात अडतो ते आठवलं. लांबचं जाणं असावं, एवढं समजलं.

   घरी येताना मालक रिक्षात माझ्याशेजारी बसलेले, तोंडावरचा रंग अजून कानाच्या पाठीमागं तसाच. सून म्हणाली, "बाबा, काय काम केलंत हो!" ते नुसते हसले. बोलायचा त्रास हुत असणार, आता कळतंय.

मी अंथरुणावर पडून विचार केला. मास्तरांचा नियम मला पटला हुता. वरच्यानं ऐकायचं न्हाई. मी ऐकलं, पण ते मला म्हणून बोललेलं नव्हतं. त्या माणसाला मला सांगायचं नव्हतं, सांगवत नव्हतं. मी ऐकलंय हे दाखवलं तर त्याची एवढी एकच जागा हाय मन मोकळं करायची, ती बी जायची. पण दुसरीकडं हे बी दिसत हुतं, राजा असाच एकटा बोलत बोलत मरायला गेला आन् आम्ही सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. त्या राणीला एक शब्द ऐकू आला असता तर? नाटक बिघडलं असतं. बिघडू दे की. आमचं काय नाटक हुतं?

सकाळी मालक नेहमीसारखे उठले. नाटक झाल्यावर दुसऱ्या दिवशी भट्टी लावायची त्यांची खोडच. मुशीत चांदी टाकली, ब्लोअर चालू केला. पोरगा आन् सून अजून आत झोपलेली. मी भाजी घेतली न्हाई. दाराशी उभी राहिले. लई वेळ काय आलं न्हाई. मग आलं.

"झालं. आता काय सबब सांगू स्वतःला?"

मी आत गेले आन् ब्लोअरचं बटण बंद केलं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला ह्याचा अर्थ कळंल. मुशीत धातू असताना ब्लोअर बंद करत न्हाईत. धातू मुशीतच थिजतो. मूस जाती, कधी कधी भट्टी बी जाती. आन् बाईनं तर त्या बटणाला कधी हात लावायचा नसतो. इतक्या वर्षांत मी लावला नव्हता. मालक ताडकन उठले.

"अगं, येड लागलं काय तुला? चांदी थिजंल!"

"थिजू दे. काय झालंय?"

"कुणाला?"

"राजाला न्हाई विचारत. तुम्हाला."

ब्लोअर थांबल्यावर खोली एवढी गप झाली की मला माझाच आवाज मोठा वाटला. मालक मग हळू खाली बसले.

"तू ऐकत हुतीस?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं नाटक हाय."

त्यांना हसू आलं. हसता हसता खोकला आला, खोकल्यात जीव घाबरला. मी पाठीवरनं हात फिरवला. मग त्यांनी सांगितलं. तालमीला जाताना एका दिवशी ते परस्पर डॉक्टरकडं गेले हुते. नाकातनं कॅमेरा घालून बघितलं. आवाज निघतो त्या जागेवर गाठ हाय. तुकडा काढून तपासला, चांगली न्हाई. डॉक्टर म्हणाले, ती आवाजाची सगळी पेटीच काढून टाकावी लागंल. माणूस जगंल. आवाज जाईल. गळ्याला भोक राहील, त्यातनं श्वास घ्यायचा. उशीर केला तर काढून बी उपयोग न्हाई.

"मग?"

"मग काय. म्हटलं एवढं नाटक करू. मग बघू."

"आन् मग?"

"मग न्हाई बघायचं. अगं, बोलता येणार न्हाई. मुक्यागत बसून राहायचं. तसलं जगणं काय करायचं?"

आता माझा बी तोल जरा गेला. मी म्हटलं, "अवं, बोलायचं म्हणून एवढं जपताय, माझ्याशी कवा एवढं बोललाय तुम्ही? लग्न झाल्यापासनं चहा ठेव आन् दार लाव. जे काय बोलायचं ते ह्या भट्टीशी. तुम्ही मुके झालात तर तिला वाईट वाटंल. मला काय फरक पडतोय?"

ते मुशीकडं बघत बसले. चांदीवर साय धरायला लागली हुती. मग म्हणाले, "बघ. रडली न्हाईस."

"तुम्हाला पायजे असंल तर रडते. आधी डॉक्टरकडं चला."

"पोराला काय सांगायचं?"

"पोरगा आत हाय. मी सांगते. तुम्ही बसा गप."

पोराला उठवून सांगितलं. तो आधी बापावर ओरडला, मग बापाला धरून रडला. सून बी रडली. मालक त्याला थोपटत हुते आन् त्याच्या डोक्यावरनं माझ्याकडं बघत हुते. मी बी बघत हुते. त्यांना ते सोसलं. सोसलं की न्हाई, मग?

त्याच दिवशी आम्ही गेलो. ती मूस वाया गेली. चांदी फोडून काढावी लागली.

ऑपरेशन झालं. दवाखान्यात लई दिवस काढले. नाकातनं नळी घालून पेज द्यायचे. मी खाली पायरीवर बसून डबा खायची, तिथल्या बाया मला सरकून जागा द्यायच्या. इतकी वर्षं ह्या शहरात काढली पण तमिळ मी जास्ती त्या पायऱ्यांवर शिकले. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचं पोर. कोण काय बोलतंय ते सगळं कळायला लागलं.

जखम भरल्यावर मालकांना बोलायला शिकवायला एक मुलगी यायची. तमिळ पोरगी, लई चिकाटीची. गळ्याच्या भोकात एक छोटी झडप बसवली हुती. श्वास घ्यायचा, भोकावर बोट ठेवायचं, मग हवा तोंडातनं येती आन् आवाज फुटतो. आवाज कसला, जाड घरघर. सारखं जमायचं न्हाई. ती मुलगी तिच्या भाषेतले सोपे शब्द द्यायची. पयला शब्द त्यांना जमला तो "वांगो." म्हंजे या. मग दिवसभर तेच. नर्स आली, वांगो. डॉक्टर आले, वांगो. पोरगा आला, वांगो. पोरगा म्हणाला, "आई, बाबा तमिळ झाले." आटपाडीची बाई डबा घेऊन आली तर तिला बी वांगो. ती म्हणाली, "मेल्यावर बी आलंच की हे माघारी. आन् परक्या भाषेत!"

आता घरी हाईत. भट्टी आम्ही आटपाडीच्या बाईच्या मालकांना चालवायला दिली. मास्तर एकदा येऊन बसले, पुढच्या नाटकाचं बोलले, मालकांनी हात हलवून न्हाई म्हटलं. मास्तर गेल्यावर ते भिंतीकडं तोंड करून पडले, संध्याकाळपतोर. त्याचं दुःख हाय त्यांना. मी ते न्हाई म्हणत न्हाई. त्यांची आवडती वस्तू गेली, ती मी कुठनं आणून देणार.

पण एक झालंय. आता त्यांना तोंडातल्या तोंडात पुटपुटता येत न्हाई. बोलायचं म्हंजे आधी श्वास घ्यायचा, हात वर करायचा, बोट त्या जागेवर दाबायचं, मग बोलायचं. एवढे कष्ट करून माणूस एकट्यानं कशाला बोलंल? हात वर गेला की मला लांबनं दिसतं. मी हातातलं ठेवून समोर जाऊन बसते. कधी म्हणतात, भात मऊ कर. कधी म्हणतात, आज दुखतंय. परवा हात वर गेला. मी जाऊन बसले. त्यांनी बोट दाबलं आन् त्या जाड आवाजात आमच्या पयल्या मुलीचं नाव घेतलं. ती गेल्यापासनं आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मग हात खाली घेतला, दम खाल्ला, परत वर केला आन् म्हणाले, "सांग. मी नव्हतो तवा काय झालं, ते सांग."

मी सांगितलं. बाहेर भाजीवाला ओरडत हुता, त्यानं थांबायला लागलं. मग परत सांगितलं. सगळं सांगून हुईपतोर ते माझ्याकडं बघत हुते. आन् ह्या वेळेला रडायचं काम मी केलं.